पेन्सिलीला बांधलेली वीट

डग्लस एंगलबार्ट हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण त्याचा माउस बहुतेकांच्या हाताखालून गेलेला असतो. माउस जगाला दाखवण्याच्या काही वर्षं आधी, 1962 साली, या अमेरिकन अभियंत्यानं माणसाच्या बुद्धीला यंत्राची जोड कशी देता येईल यावर एक लांबलचक अहवाल लिहिला. त्यात एक विक्षिप्त प्रयोग आहे. त्यानं पेन्सिल एका विटेला बांधली आणि लिहून पाहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, वेळ कितीतरी जास्त लागला. पण त्याला अक्षराचं काही पडलेलं नव्हतं. पेन्सिल पहिल्यापासूनच विटेएवढी जड असती तर माणसानं किती कमी लिहिलं असतं, किती गोष्टी टिपायच्याच राहिल्या असत्या, हिशेब, कायदे, शास्त्रं यांचं रूप काय झालं असतं, हे त्याला विचारायचं होतं. हात जड झाला की माणूस विचारही बेतानं करू लागतो, असा त्याचा रोख.

मराठीत लिहिणाऱ्या बहुतेकांच्या पेन्सिलीला ही वीट आजही बांधलेली आहे, असं मला वाटतं. सुचलेलं चटकन टिपून कसं ठेवावं, कोणतं ॲप घ्यावं, नोंदी कशा लावाव्यात यावर हल्ली सल्ल्यांचा नुसता पाऊस असतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ते सल्ले उपयोगी पडतात, कारण त्यांची बोटं कीबोर्डवर आधीच रुळलेली असतात. आपली अडचण त्याच्या अलीकडची आहे. मराठी माणसाला स्वतःची लिपी न बघता, न अडखळता टाइप करता येत नाही. ती येत नाही, कारण ती त्याला कुणी शिकवलेलीच नाही. या गोष्टीला आपण आळस किंवा वैयक्तिक सवय समजतो. मला ती सार्वजनिक शिक्षणातली उणीव वाटते, आणि तिचा पहिला फटका बसतो तो नव्या कल्पनेला. अर्ज, परिपत्रक, बातमी सावकाश टाइप केली तरी चालते, ती कुठे पळून जात नाही. कवितेची ओळ पळून जाते.

एक प्रसंग जवळून पाहू. एसटीत खिडकीशी बसलेल्या एका बाईंना कथेतलं वाक्य सुचलं: ‘आईनं वळून पाहिलं, पण ओळख दिली नाही.’ त्यांनी फोन काढला. कीबोर्ड नेहमीचाच, रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारा. ‘आईनं’साठी जे टाइप केलं त्याचं ‘आईना’ झालं. ते दुरुस्त केलं. ‘वळून’मधला ळ रोमनमध्ये नाही, तेव्हा एल दाबला आणि वरच्या पट्टीत काय काय आलंय ते वाचलं: वलून, वालून, वळून. तिसऱ्यावर बोट ठेवलं. ‘पाहिलं’ लिहायला गेल्या तर पट्टीत सगळ्यांत पुढे ‘पहिला’. मागे जाऊन एक ए वाढवला, मग ‘पाहिला’ आलं. अनुस्वार तरीही नाही. इथवर येईपर्यंत गाडीनं थांबा घेतलेला असतो, शेजारी नवा प्रवासी बसलेला असतो आणि त्या वाक्याच्या पाठीमागे जे दुसरं वाक्य येऊ घातलं होतं ते परत गेलेलं असतं.

यात बटणं किती दाबली हा मुद्दा गौण आहे. मोजलं तर रोमनमधून लिहिणं आणि थेट देवनागरीच्या बटणांवर लिहिणं, या दोन्ही पद्धतींत फार फरक पडत नाही. फरक नजरेचा आहे. सरावलेला टायपिस्ट बोटांनी लिहितो आणि डोळे मोकळे ठेवतो, खिडकीबाहेर, भिंतीवर, कुठेही. रोमनमधून लिहिणाऱ्याला दर शब्दाला एकदा पट्टी वाचावी लागते, चार पर्यायांतून निवड करावी लागते. म्हणजे एकाच वेळी तो लेखकही असतो आणि स्वतःचा मुद्रितशोधकही. ही दोन कामं एकत्र केली की आधी मरतो तो लेखक.

शिवाय पट्टी काही निष्पक्ष नसते. जास्त लोक जे लिहितात ते ती पुढे करते, तिची घडणच तशी आहे. ‘के-ए-एल’ या तीन अक्षरांतून काल, कल, कळ, काळ यांपैकी काहीही निघू शकतं आणि रोजच्या व्यवहारात ‘काल’चं पारडं जड असणारच. ‘सांजावलं’ लिहायला निघालेला माणूस दोनदा प्रयत्न करून ‘संध्याकाळ झाली’वर समाधान मानतो. वऱ्हाडीत किंवा मालवणीत लिहिणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. आपलं वाक्य आपल्याला सुचलं त्या रूपात कागदावर येण्याआधीच ते दहा हजार इतरांच्या वाक्यांसारखं होऊ लागतं. पुष्कळ नव्या लेखनात जो एक गुळगुळीतपणा जाणवतो त्याची इतर कारणं असतील, पण हे एक कारण कुणी मोजत नाही.

आता ज्यांना हे सगळं टाळता येतं ते काय वापरतात ते सांगायला हवं. इनस्क्रिप्ट नावाची कीबोर्डची मांडणी 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं भारतीय लिप्यांसाठी ठरवली आणि 1991 साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांत ती फुकट बसवलेली असते, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. तिची घडण वर्णमालेवर बेतलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून ख. ग-घ, च-छ, त-थ, प-फ सगळ्यांचं तसंच. ज्याला बाराखडी येते त्याला अर्धी मांडणी न शिकताच येते.

मघाचं ‘पाहिलं’ घ्या. प उजव्या हातानं, काना डाव्यानं, ह उजव्यानं, वेलांटी डाव्यानं, ल उजव्यानं, अनुस्वार डाव्यानं. सहा बटणं, शिफ्ट एकदाही नाही, हात आळीपाळीनं. टाळ वाजवल्यासारखी एक लय त्यात लागते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला जो ऱ रोमनवाल्यांचा घाम काढतो, त्याला इथे स्वतःची जागा आहे, र च्याच बटणावर शिफ्टसह. पट्टी नाही, पर्याय नाहीत, जे दाबलं ते उमटलं. हीच मांडणी कन्नड, बंगाली, तमिळ या लिप्यांनाही लागू आहे. क चं बटण सगळीकडे तेच. बेळगावच्या मुलाला मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी बोटं एकदाच वळवावी लागतील, देवनागरीत कोंकणी लिहिणाऱ्या गोव्यातल्या मुलीला तर वेगळं काहीच शिकावं लागणार नाही.

मग हे रुजलं का नाही? लोक म्हणतात अवघड आहे. मला हे पटत नाही. सायकलही पहिल्या आठवड्यात अवघडच असते. खरं कारण असं की संगणक आणि मोबाइल आपल्याकडे आले तेव्हा देवनागरीची वाट अडलेली होती. सुरुवातीच्या साध्या फोनांवर देवनागरी बहुधा दिसतच नसे. जिथे दिसे तिथे एसएमएसचं गणित आड येई: रोमन अक्षरांत एका मेसेजात 160 अक्षरं मावत, देवनागरीत जेमतेम 70. तेवढाच मजकूर मराठीत लिहिला की दोन-तीन मेसेजचे पैसे. ‘जेवलास का’ हे रोमनमध्ये लिहायची सवय एका अख्ख्या पिढीच्या अंगठ्यांना पैसे वाचवताना लागली. पुढे स्मार्टफोन आले, अडचण संपली, पण अंगठे वळलेले होते. रोमन टाइप करा, देवनागरी आम्ही करून देतो, असं सांगणारे कीबोर्ड आले तेव्हा त्यांनी या जुन्या सवयीवरच दुकान मांडलं. त्यात चूक काही नाही. लाखो लोक त्यामुळेच मराठीत लिहू लागले, हे मान्य करायलाच हवं. मात्र कुबडी मिळाली म्हणून चालायचं शिकवणं बंद करावं, असं कुणी म्हणत नाही.

इथे पुन्हा एंगलबार्टकडे जाते. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं जे प्रात्यक्षिक दिलं त्यात त्याच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक छोटं यंत्र. पियानोवर सूर एकत्र दाबावेत तशा त्या पट्ट्या एकत्र दाबून अक्षर उमटायचं. पाच पट्ट्यांच्या 31 जोडण्या, त्या पाठ करायच्या. ज्यांना ते जमलं त्यांचा उजवा हात माउसवरून हलत नसे आणि डावा हात लिहीत राही. माउस जगभर गेला. पाच पट्ट्यांचं यंत्र संग्रहालयात गेलं. माउस विकत घेणाऱ्याला काही शिकावं लागत नव्हतं, पट्ट्यांसाठी काही दिवस कष्ट घ्यावे लागत होते, आणि कष्ट घ्यायला लावणारी वस्तू दुकानात खपत नाही.

बाजाराला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. जे शिकल्याशिवाय वापरता येतं ते बाजार घराघरात पोचवतो. जे शिकल्यावरच फळ देतं, आणि तेही थोड्या उशिरा, ते पोचवायला शाळा असते. अंकगणिताचे पाढे कोणत्याही कंपनीनं मोफत चाचणी देऊन खपवलेले नाहीत. इनस्क्रिप्टला बाजारात गिऱ्हाईक मिळणारच नव्हतं. तिला शाळा मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, आणि ती मांडणी वर्षानुवर्षं संगणकांत न उघडलेल्या पेटीसारखी पडून राहिली.

आपला समाज लिहिण्याच्या वेगाबद्दल पूर्वीपासून असा बेफिकीर होता का? मुळीच नाही. मोडी लिपी ही वेगाचीच सोय होती. परंपरा तिचं श्रेय यादवांच्या हेमाडपंताला देते, ते कितपत खरं यावर वाद आहेत. पण तिची रचना पाहिली की हेतू कळतो. शिरोरेघ आधीच ओळभर ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरामागून अक्षर वळवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्दांत मोकळी जागा नाही. ग्रंथ लिहायचा तर बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, रोजचा व्यवहार टिपायचा तर मोडी. दप्तरं, पत्रं, जमाखर्च, हेरांच्या बातम्या या सगळ्यांचा भार मोडीनं वाहिला. छापखाने आले, त्यांना बाळबोध सोयीची पडली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतूनही गेली. तिच्यासाठी अश्रू ढाळायचे नाहीत. वाचायला ती कर्दनकाळ होती. पण एक गोष्ट तिच्याबरोबर गेली आणि तिची जागा कशानं भरली नाही. टिपायची लिपी वेगळी आणि मांडायची लिपी वेगळी, ही समज गेली. आता आपण सुचलेलं वाक्य टिपतानाही छापायला जात असल्यासारखे लिहितो. वेलांटी पहिली की दुसरी इथे हात अडतो. 1962 आणि 1972 सालच्या लेखनविषयक नियमांचं ओझं अशा कच्च्या नोंदीवरही येऊन बसतं, आणि वर संगणकाची लाल नागमोडी रेघ असतेच.

म्हणून सवयींबद्दल मला एकच आग्रह धरावासा वाटतो. टिपणवही वेगळी ठेवावी आणि तिथे शुद्धलेखनाला मज्जाव करावा. तपासणीची लाल रेघ त्या फाइलपुरती बंद करता येते, ती करावी. बाकी साधनं जितकी साधी तितकी बरी. विंडोजमधलं नोटपॅड हे अगदी मुलखाचं साधं प्रकरण. त्यात एफ-5 दाबलं की त्या क्षणाची तारीख आणि वेळ उमटते. फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन इंग्रजी मोठ्या लिपीत एल-ओ-जी एवढंच लिहून ठेवलं, तर ती फाइल दर वेळी उघडताना शेवटी आपोआप तारीख पडते. एवढ्यावर आयुष्यभराची टिपणवही चालू शकते. फोल्डर, रंगीत खुणा, विषयवार कप्पे यांच्या नादी लागू नये, कारण सुचलेली गोष्ट कोणत्या कप्प्यातली आहे हे सुचण्याच्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं. ते शोधायच्या वेळी बघता येतं.

शोधण्यात मात्र मराठीची स्वतःची काही दुखणी आहेत, ती सांगायला हवीत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फाँटांत जे टाइप झालं ते शोधता येत नाही, कारण त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट गेला की उरतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. माझ्या परिचयातल्या कितीतरी लेखकांची 1990च्या दशकातली टिपणं अशी मुकी होऊन पडली आहेत. युनिकोडमध्येही गमती आहेत. ‘ॲप’मधला ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये ते 2008 साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन तो लिहीत आले आहेत आणि अजूनही लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे. एका रूपानं शोधलं तर दुसऱ्या रूपातलं सापडत नाही. कार्यालयांनी, प्रकाशकांनी आणि कीबोर्ड बनवणाऱ्यांनी बसून एकदा ठरवून टाकावं असं हे काम आहे, आणि तेही आठवडाभराचं.

‘पण आता बोलून टाइप करता येतं की!’ हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त ऐकावा लागतो. ऑगस्ट 2017मध्ये गुगलनं मराठीला ही सोय दिली आणि ती खरोखर उपयोगाची आहे. सांगून लिहवणं आपल्याला नवंही नाही. ज्ञानेश्वरीची शके 1212मधली लेखणी सच्चिदानंदबाबांची. पण त्यासाठी नेवाशाचा निवांतपणा लागतो. दोन खोल्यांच्या घरात, सासू शेजारी भाजी निवडत बसलेली असताना, सासूवरची कविता बोलून टिपता येत नाही. विरार लोकलमध्ये येत नाही, ग्रंथालयात येत नाही, ऑफिसात साहेबासमोर तर नाहीच. ज्याच्याकडे दार लावून घ्यायला स्वतःची खोली आहे त्याच्यासाठी ही सोय चांगली. बहुतेक लिहिणाऱ्यांकडे, आणि विशेषतः लिहिणाऱ्या बायकांकडे, ती खोली नसते. शिवाय बोलीचा प्रश्न इथेही येतोच. ‘व्हतं’ म्हटलं की यंत्र ‘होतं’ लिहिण्याची दाट शक्यता, कारण त्याला सर्वाधिक ऐकवलेलं मराठी प्रमाण वळणाचं. फोनसमोर माणूस आपोआप पुणेरी बोलू लागतो हे मी अनेकदा पाहिलंय, आणि पुणेरी बोलताना त्याला गावाकडचं काही सुचत नाही.

दुसरा आक्षेप हातानं लिहिणाऱ्यांचा. त्यात तथ्य आहे. 2014 साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणं घेणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा हातानं लिहिणाऱ्यांना विषय जास्त समजलेला दिसला. लॅपटॉपवाले ऐकलेलं जसंच्या तसं उतरवत गेले, हातवाल्यांना निवड करावी लागली. नंतरच्या पडताळण्यांत तो परिणाम तितका ठाम दिसला नाही, पण सोडून देऊ. दुसऱ्याचं व्याख्यान उतरवणं आणि स्वतःचं सुचलेलं धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. व्याख्यानात गाळणं महत्त्वाचं. सुचताना गाळू नये. गाळण्याला, खोडण्याला, सावकाश लिहिण्याला पुढे भरपूर जागा आहे, आणि तिथे कुणी पेन घेऊन बसलं तर माझी ना नाही.

पण हातानं लिहिण्याच्या अभिमानामागे आपल्याकडे आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती बोलली जात नाही. दिवाळी अंकाच्या कामात दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हस्तलिखितं येतात. हल्ली ती फोटो काढून व्हॉट्सॲपवर येतात, पान 7 पान 4च्या आधी, एका कोपऱ्यात चहाच्या कपाची सावली. मग ते सगळं डीटीपी करणाऱ्या माणसाकडे जातं. तो मिनिटाला कितीतरी शब्दांच्या वेगानं, मान वर न करता, ते टाइप करतो. त्या खोलीत मराठी लिहिण्याचं सगळ्यांत वेगवान साधन त्याच्या बोटांत असतं आणि लेखक त्याला ‘ऑपरेटर’ म्हणतो. टायपिंग म्हणजे कारकुनी, हा समज आपल्यात मुरलेला आहे. टायपिंग शिकायचं ते नोकरीसाठी. लिपिक-टंकलेखक व्हायला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द मिनिटाला, परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ वरच्या मजल्यावर टायपिंग इन्स्टिट्यूट. महाराष्ट्रात मराठी टायपिंगचं रीतसर शिक्षण आजवर मुख्यतः याच एका दारातून मिळत आलं आहे. म्हणजे ज्याला दुसऱ्याचा मजकूर उतरवून द्यायचा आहे त्याला आपण हे कौशल्य देतो. ज्याला स्वतःचं काही लिहायचं आहे त्याला ते आपण कधी देऊ केलेलंच नाही, आणि त्यालाही ते आपल्या पायरीच्या खालचं वाटतं.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून अध्यासनं, अनुवाद, संशोधनकेंद्रं यांची बोलणी चालू आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. पण 8 कोटींहून अधिक लोक जी भाषा मातृभाषा म्हणून सांगतात तिच्यातली शाळकरी पोरं आपल्या नावाचं पहिलं अक्षर कीबोर्डवर कुठे आहे हे सांगू शकत नसतील, तर त्या बोलण्यांतून एक खुर्ची गहाळ आहे. संगणकाच्या तासाला आज बहुतेक ठिकाणी चित्रं रंगवणं, मेनूंची नावं पाठ करणं आणि स्लाइड सजवणं चालतं. मेनू दर तीन वर्षांनी बदलतात. अक्षरांच्या जागा चाळीस वर्षं बदललेल्या नाहीत.

माझी मागणी छोटी आहे. पाचवीत, जिथे मुलांचं जोडाक्षरांचं लेखन बऱ्यापैकी बसलेलं असतं, तिथे वर्षभर आठवड्याला दोन तास इनस्क्रिप्ट. मिनिटाला किती शब्द याची परीक्षा नको, नाहीतर पालक त्याचेही क्लास लावतील. वर्षाच्या शेवटी मुलानं कीबोर्डकडे न बघता स्वतःच्या मनातली दहा वाक्यं लिहून दाखवावीत, चुका असल्या तरी चालतील. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक बंद पडलेले असतात, वीज नसते, हे मला ठाऊक आहे. साधा कीबोर्ड काही शे रुपयांना मिळतो आणि एका छोट्या जोडणीनं तो फोनला लावता येतो. एका वर्गाला असे पाच-सहा संच पुरतात, मुलं आळीपाळीनं बसतील. पुठ्ठ्यावर मांडणी काढून तिच्यावर बोटं फिरवण्याचा सरावही चालतो, टंकलेखन यंत्रांच्या काळात कित्येकांनी घरी तेच केलं. नवं सरकारी ॲप कृपा करून काढू नये. लागणारं सगळं प्रत्येक संगणकात आधीच आहे.

पुढे यंत्रंच सगळं लिहिणार, मग बोटांचं काय करायचं, असंही कुणी विचारेल. यंत्र जे लिहील ते त्याला आधी मिळालेल्या मराठीवरून लिहील. त्यात नवं मराठी कुणीतरी घालत राहावं लागेल, आणि ते घालणाऱ्याला आपलं वाक्य आपल्या रूपात, पट्टीची परवानगी न घेता लिहिता यावं लागेल.

राहता राहिला प्रश्न शिकवणार कोण. त्याचं उत्तर एसटी स्टँडजवळच्या त्याच वरच्या मजल्यावर आहे. तिथले शिक्षक यंत्राच्या काळापासून पोरांची बोटं वळवत आले आहेत. कुणाचं करंगळीचं बोट आळशी आहे, कुणाचा अंगठा चोरटा आहे, हे त्यांना पाठीमागून नुसत्या आवाजावरून कळतं. बऱ्याच जणांचा हात जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बसलेला असेल, त्यांना इनस्क्रिप्टवर यायला थोडे आठवडे लागतील. पण बोटांना शिस्त कशी लावायची हे त्यांच्याइतकं बी.एड. झालेल्यांना येत नाही. आठवड्यातून दोन तास त्यांना मानधनावर शाळेत बोलवावं. शासननिर्णयाची वाट न पाहता एखाद्या शाळेच्या व्यवस्थापन समितीला हे येत्या जूनपासून सुरू करून बघता येईल.